देओं, शेव्हाल्ये

(५ ऑक्टोबर १७२८–२१ मे १८१०). फ्रेंच मुत्सद्दी, गुप्तहेर, सैनिकी अधिकारी व लेखक. संपूर्ण नाव शार्ल झनव्ह्येव्ह लुई ऑग्यूस्त आंद्रे तिमोते देओं द बोमाँ. आयुष्याची पहिली एकोणपन्नास वर्षे पुरुष म्हणून आणि अखेरची सुमारे तेहतीस वर्षे स्त्री म्हणून व्यतीत केलेली ही व्यक्ती अठराव्या शतकातील यूरोपात कमालीच्या कुतूहलाचा विषय झाली होती. देओं स्त्री की पुरुष, या प्रश्नावर लंडनच्या सराफकट्ट्यात पैजा लागल्या, न्यायालयात निवाडा झाला, राजाने आज्ञापत्र काढले आणि शेवटी शस्त्रवैद्याने दाखला दिला. या चारही ठिकाणी देओं यांच्या स्वतःच्या शब्दाला मात्र दुय्यम स्थान मिळाले. मराठीत एकवचनी सर्वनामाला लिंग चुकवता येत नाही. यास्तव प्रस्तुत लेखात त्यांचा निर्देश आदरार्थी बहुवचनाने केला असून जेथे क्रियापदास लिंग द्यावेच लागते, तेथे नोव्हेंबर १७७७ पूर्वी पुल्लिंग व त्यानंतर स्त्रीलिंग योजिले आहे.

देओं यांचा जन्म बर्गंडीतील तोनेर या गावी कनिष्ठ उमराव घराण्यात झाला. वडील लुई देओं हे वकील व राजसेवक होते. बाप्तिस्म्याच्या नोंदीत अर्भकाचा उल्लेख मुलगा असाच आहे. नावांच्या मालिकेतील ‘झनव्ह्येव्ह’ हे स्त्रीनाम पुढे अनेकांना सूचक वाटले. परंतु मुलाला एखाद्या संत स्त्रीचे नाव देण्याची प्रथा कॅथलिक फ्रान्समध्ये असल्याने त्यावरून काही सिद्ध होत नाही. पॅरिसच्या मझारँ महाविद्यालयात शिक्षण घेऊन त्यांनी १७४९ मध्ये कायद्याची पदवी मिळविली. अर्थकारणावर काही लेखन केले आणि १७५८ मध्ये ग्रंथपरीक्षणाचे सरकारी पदही त्यांच्याकडे आले.

तत्पूर्वीच १७५६ मध्ये ते पंधराव्या लुईच्या (कार. १७१५–७४) ‘राजाचे गुपित’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हेरयंत्रणेत दाखल झाले होते. ही यंत्रणा राजाच्या खाजगी धोरणासाठी राबे आणि तिचा सुगावा खुद्द त्याच्या परराष्ट्रमंत्र्यालाही नसे. परिणामी तिच्यातील माणसाला एकाच वेळी दोन धन्यांची चाकरी करावी लागे : एक उघड, दुसरा गुप्त. देओं यांचे पुढील वर्तन समजून घेताना ही दुहेरी चाकरी ध्यानात घेणे आवश्यक आहे. शेव्हाल्ये डग्लसच्या मदतीस त्यांना रशियाला पाठविण्यात आले. सम्राज्ञी एलिझाबेथच्या दरबारी ते ‘लिया द बोमाँ’ या नावाने स्त्रीवेशात वाचिका म्हणून वावरले, ही कथा लोकप्रिय असली, तरी तिला समकालीन कागदपत्रांचा आधार नाही. फ्रेदेरिक गायार्दे या लेखकाने १८३६ मध्ये देओं यांच्या तथाकथित आठवणी प्रसिद्ध करून अशा कथांना खतपाणी घातले; तीतील बराच मजकूर कल्पित असल्याची कबुली त्याने स्वतःच तीस वर्षांनी दिली. एवढे होऊनही ती कथा मागे हटलेली नाही.

रशियाहून १७६० मध्ये परतल्यावर देओं ड्रॅगून घोडदळात कप्तान झाले आणि सप्तवार्षिक युद्धाच्या अखेरच्या टप्प्यात १७६१ मध्ये जर्मनीतील मोहिमेत लढले. पुढील वर्षी तहाच्या वाटाघाटींसाठी निव्हेर्नेचा ड्यूक लंडनला गेला, तेव्हा ते त्याचे चिटणीस होते. १७६३ च्या पॅरिस तहाला इंग्लंडच्या राजाने दिलेली मान्यता व्हेर्सायला पोहोचविण्याचा मान त्यांना लाभला आणि सँ लुईचा सन्मानक्रूस मिळून ते ‘शेव्हाल्ये’ (सरदार) झाले. निव्हेर्ने परतल्यावर काही महिने त्यांनी पूर्णाधिकारी वकील म्हणून फ्रान्सचे लंडनमधील काम पाहिले. याच सुमारास इंग्लंडच्या किनाऱ्याची, भावी स्वारीच्या दृष्टीने, गुप्त पाहणी करविण्याची कामगिरी राजाने त्यांच्यावर सोपविली होती.

ऑक्टोबर १७६३ मध्ये गेर्शीचा काउंट नवा राजदूत म्हणून आला आणि देओं यांना पुन्हा चिटणिसाच्या पायरीवर उतरावे लागले. त्यांनी परत येण्याचा हुकूम धुडकावला. आपल्याला गुंगीचे औषध दिल्याचा आरोप गेर्शीवर केला आणि मार्च १७६४ मध्ये दूतावासाचा पत्रव्यवहार चक्क छापून विकला. यूरोपभर खळबळ माजली. किनारपाहणीचे राजाचे कागद मात्र त्यांनी हातचे राखून ठेवले. तीच त्यांची खरी ढाल होती. अब्रुनुकसानीच्या खटल्यात ते दोषी ठरले, तर १७६५ मध्ये गेर्शीवरच खुनाच्या प्रयत्नाचा आरोप ठेवण्यास लंडनच्या न्यायपंचांनी मान्यता दिली. सरकारने तो खटला पुढे चालू दिला नाही. अखेर १७६६ मध्ये पंधराव्या लुईने वार्षिक १२,००० लिव्रांचा तनखा मंजूर केला व देओं यांनी लंडनमध्येच राहून हेरगिरी करावी असे ठरले. राजद्रोह्यालाच तनखा देण्याची वेळ राजावर आली, हा प्रकार ‘राजाच्या गुपिता’चे एकूण स्वरूप स्पष्ट करणारा आहे.

देओं स्त्री असल्याची वदंता १७७० च्या सुमारास पसरू लागली. तिचा उगम देओं यांच्यापाशीच असावा, असे काही अभ्यासक मानतात. १७७१ पर्यंत लंडनमधील दलाल या प्रश्नावर विम्याच्या धर्तीवर रीतसर पैजा स्वीकारू लागले. पैजेचा निकाल लागावा म्हणून देहपरीक्षेची मागणी झाली, ती देओं यांनी अपमानास्पद म्हणून फेटाळली. आपल्या शरीरावर लोकांनी पैसा लावावा याचा त्यांना संताप येई, आणि तो संताप खोटा मानण्याचे कारण नाही. परंतु ‘मी पुरुष आहे’ हे एक वाक्यही त्यांनी पैजा थांबविण्यासाठी उच्चारले नाही. १७७२ मध्ये हेरयंत्रणेचा प्रमुख ब्रॉयी याचा चिटणीस द्रूए लंडनला जाऊन आला व देओं स्त्री असल्याची खात्री त्याने वरिष्ठांना दिली.

पंधरावा लुई १७७४ मध्ये मरण पावला. सोळाव्या लुईने गुप्त यंत्रणा मोडीत काढली. पण ते कागद लंडनमध्येच होते. ते मिळविण्याची कामगिरी विख्यात नाटककार बोमार्शे याच्याकडे आली. त्याने देओं यांच्याशी केलेला नोव्हेंबर १७७५ चा करार राजनीतीच्या इतिहासात बहुधा एकमेव ठरावा. देओं यांनी सर्व कागद परत करावेत, स्वतः स्त्री असल्याचे मान्य करावे व यापुढे स्त्रीवेशातच राहावे. बदल्यात सरकारने कर्ज फेडावे, तनखा चालू ठेवावा व स्त्रीवेशाच्या खर्चासाठी रक्कम द्यावी, असे त्यात ठरले. सँ लुईचा क्रूस स्त्रीवेशावरही धारण करण्याची मुभा देओं यांनी आग्रहाने मिळविली. सरकारचा हिशेब उघड होता. स्त्रीला राजकीय पद मिळणे शक्य नव्हते आणि स्त्रीशी द्वंद्वयुद्ध करता येत नव्हते. म्हणजे गेर्शी घराण्याचे वैरही संपले आणि धोकादायक हेरही निरुपद्रवी झाला. देओं यांचा हिशेब तितका उघड नाही. कर्ज, परतीची ओढ आणि मानाने सुटका ही कारणे होतीच; तथापि केवळ तेवढ्यासाठी कोणी उर्वरित सर्व आयुष्य वेगळ्या रूपात घालवील, हे पटत नाही.

जुलै १७७७ मध्ये हेझ नावाच्या शस्त्रवैद्याने जाक या दलालाविरुद्ध पैजेच्या सातशे पौंडांसाठी फिर्याद केली. लॉर्ड मॅन्सफील्डसमोर तिची सुनावणी झाली. देओं न्यायालयात हजर नव्हते. साक्षीदारांनी आपण प्रत्यक्ष पाहिल्याचे शपथेवर सांगितले आणि न्यायपंचांनी देओं स्त्री असल्याचे धरून हेझच्या बाजूने कौल दिला. त्या साक्षी धादांत खोट्या होत्या, हे १८१० मध्ये दिसून आले. मात्र पुढच्याच वर्षी अशाच दुसऱ्या दाव्यात मॅन्सफील्डने वेगळी भूमिका घेतली : त्रयस्थ व्यक्तीच्या लिंगावरील पैजेमुळे त्या व्यक्तीस इजा पोहोचते व न्यायालयात असभ्य पुरावा द्यावा लागतो, म्हणून अशी पैज कायद्याने ग्राह्य नाही. या प्रकरणात देओं यांच्या मानाचा विचार करणारे बहुधा हे एकच अधिकृत विधान होय.

ऑगस्ट १७७७ मध्ये देओं ड्रॅगूनच्या गणवेशातच फ्रान्सला परतले. राजाने लगेच आज्ञा काढून तो उतरविण्यास फर्मावले. मारी आंत्वानेत राणीची वेशकार रोझ बेर्तँ हिने त्यांच्यासाठी पोशाख तयार केला आणि २१ नोव्हेंबर १७७७ रोजी त्या स्त्रीवेशात व्हेर्सायच्या दरबारी दाखल झाल्या. आपण मुलगीच जन्मलो. वारसाहक्कासाठी मुलगा हवा असल्याने वडिलांनी मुलगा म्हणून वाढविले, असे त्यांचे सांगणे होते. स्त्रीत्वाची ही घोषणा त्यांनी मागे घेतली नाही, पण त्याबरोबर येणारी बंधनेही मानली नाहीत. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात लढण्याची परवानगी त्यांनी मागितली, ती नाकारली गेली. पुन्हा गणवेश चढविल्याबद्दल १७७९ मध्ये त्यांना दिझाँच्या किल्ल्यात काही आठवडे कैदेत राहावे लागले. नंतर त्या तोनेरला आईजवळ राहिल्या व १७८५ मध्ये लंडनला परतल्या.

फ्रान्समध्ये असेपर्यंत स्त्रीवेश ही राजाज्ञा होती. इंग्लंडमध्ये ती लागू नव्हती आणि क्रांतीनंतर आज्ञा देणारा राजाही उरला नाही; तरी देओं यांनी वेश बदलला नाही. सक्तीच्या उपपत्तीला येथे धक्का बसतो. ९ एप्रिल १७८७ रोजी कार्लटन हाउसमध्ये युवराजासमोर त्यांनी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, काळ्या पोशाखात व छातीवर क्रूस लावून, सँ-झॉर्झ या नामांकित तलवारबहाद्दर संगीतकारावर मात केली. रॉबिनोने या सामन्याचे चित्र काढले आहे. क्रांतीमुळे तनखा बुडाला. १७९२ मध्ये स्त्रियांची पलटण उभारून तिचे नेतृत्व करण्याची तयारी त्यांनी फ्रेंच राष्ट्रसभेला कळविली. त्याच वर्षी मेरी वुलस्टनक्राफ्टने स्त्रियांच्या हक्कांवरील आपल्या ग्रंथात असामान्य स्त्रियांच्या यादीत ‘मादाम देओं’ हे नाव घातले. पोटासाठी ग्रंथसंग्रह विकावा लागला. स्त्रियांविषयीच्या ग्रंथांचा त्यात मोठा भरणा होता. तलवारबाजीचे प्रयोग करून त्या निर्वाह करीत. १७९६ मध्ये साउथॅम्प्टन येथे गंभीर जखम झाल्याने तेही थांबले. १८०४ मध्ये कर्जापायी तुरुंगवास घडला. अखेरची वर्षे मिसेस कोल या विधवेच्या सोबतीने दारिद्र्यात गेली.

मृत्यूनंतर टॉमस कोपलंड या शस्त्रवैद्याने अनेकांच्या साक्षीने शवाची तपासणी केली व पुरुषाचे अवयव सर्वथा पूर्ण असल्याचा दाखला दिला. वर्षानुवर्षे एका घरात राहिलेल्या मिसेस कोल यांना याचा मोठा धक्का बसला. तेव्हापासून चरित्रकारांनी देओं यांना ‘वेषांतर करणारा पुरुष’ या सदरात घातले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हॅव्हलॉक एलिस या इंग्रज अभ्यासकाने स्त्रीवेश व स्त्रीभाव धारण करण्याच्या पुरुषांतील प्रवृत्तीला ‘इओनिझम’ असे नाव दिले. म्हणजे व्यक्तीचे नाव व्याधीला लागले. याला पहिला समर्थ छेद गॅरी केट्स या अमेरिकन इतिहासकाराने १९९५ मध्ये दिला. देओं यांची हस्तलिखिते वाचून त्याने असे प्रतिपादन केले, की हा बदल लैंगिक विकृतीचा किंवा बाह्य सक्तीचा नसून राजकीय जीवनाला विटलेल्या व स्त्रीजीवन नैतिक व धार्मिक दृष्ट्या श्रेष्ठ मानणाऱ्या व्यक्तीने विचारपूर्वक केलेली निवड होती. हे मत सर्वांना मान्य नाही. कर्ज व दरबारी राजकारण यांचा भार केट्स कमी लेखतो, हा आक्षेप रास्त आहे. देओं यांनी बालपणाविषयी सांगितलेली हकिकतही खरी नव्हती. परंतु हकिकत खोटी म्हणून तीमागची भावनाही खोटी, असे अनुमान काढता येत नाही; आणि आजच्या संज्ञा त्यांच्यावर लादणे हेही कोपलंडच्या दाखल्याइतकेच उतावळेपणाचे होईल.

देओं यांच्या अपुऱ्या आत्मवृत्ताचे कागद लीड्स विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. टॉमस स्ट्यूअर्टने १७९२ मध्ये काढलेले त्यांचे व्यक्तिचित्र लंडनच्या राष्ट्रीय व्यक्तिचित्रसंग्रहाने २०१२ मध्ये विकत घेतले. त्यात काळ्या पोशाखावर सँ लुईचा क्रूस दिसतो. दफन सेंट पँक्रस येथे झाले. तेथील कबरी एकोणिसाव्या शतकात रेल्वेमार्गासाठी उखडण्यात आल्या; बर्डेट-कूट्स स्मारकावर कोरलेल्या नावांत मात्र देओं यांचे नाव आहे.