उतरवलेल्या ट्रकचे हवेवरील सस्पेन्शन

बिदरहून हुमनाबादकडे जाताना हळ्ळीखेड (बी) लागते. नावातील ‘बी’ म्हणजे बुजुर्ग, मराठीतले बुद्रुक. हा उसाचा टापू. ऊस नेणारी गाडी शेताकडे रिकामी जाते आणि परतताना मागून दबलेली असते. आपल्याकडील बहुतेक ट्रक अजूनही पोलादी पाट्यांवर चालतात. वजन पडले की पाटा वाकतो आणि गाडी तितकी खाली बसते. रिकामी असो वा भरलेली, गाडी एकाच उंचीवर राहावी यासाठी पाट्यांच्या जागी, किंवा त्यांच्या मदतीला, हवेचे रबरी फुगे बसवतात. गॅरेजात त्यांना ‘बलून’ म्हणतात. देशात २००१ पासून धावू लागलेल्या व्होल्वो बसगाड्यांमुळे ही रचना प्रवाशांच्याही अंगवळणी पडली.

या रचनेचे मर्म लेव्हलिंग व्हॉल्व्हमध्ये आहे. व्हॉल्व्ह चॅसिसवर असतो. त्याची दांडी एका जोडसळईने अ‍ॅक्सलला बांधलेली असते. माल चढून चॅसिस खाली आली की दांडी वर ढकलली जाते व टाकीतील हवा फुग्यांत शिरते. माल उतरला की दांडी खाली जाते व हवा बाहेर पडते. दांडी मध्यावर आली की दोन्ही वाटा बंद. व्हॉल्व्हला वजन कळत नाही, दाबही कळत नाही. कळतो तो फक्त दांडीचा कोन.

उतरवलेल्या गाडीत घोटाळा होतो तो नेमका येथे. चॅसिस अ‍ॅक्सलच्या ५० मिलिमीटर जवळ आणली आणि सळई जुन्याच लांबीची ठेवली, तर व्हॉल्व्ह त्या नव्या उंचीला ओझे समजतो आणि गाडी पुन्हा वर उचलू पाहतो. मग दाब कमी करण्याची खटपट सुरू होते आणि ती व्यर्थ ठरते. सळई त्याच ५० मिलिमीटरने आखूड करणे हाच उपाय. मात्र केवळ लहान टायर लावून गाडी खाली आणली असेल, तर चॅसिस-अ‍ॅक्सल अंतर बदललेले नसते आणि सळईला हात लावण्याचे कारण नाही.

जुळवणी सपाट जमिनीवर, चाकांना उटी लावून आणि टाकीत पुरेसा दाब भरल्यावर करावी. चॅसिसखाली भक्कम घोड्या हव्यात. फुग्याच्या भरवशावर गाडीखाली शिरणे जिवावर बेतू शकते. ठरलेल्या उंचीवर चॅसिस टेकवून दांडी मध्यावर धरावी आणि मग सळईची लांबी जुळवावी. फुगा त्याच्या उत्पादकाने सांगितलेल्या उंचीतच राहिला पाहिजे. तो दाबून आखूड ठेवला तर हालचालीला वाव उरत नाही, गतिरोधकावर अ‍ॅक्सल थेट बंपरबरावर आदळतो. म्हणून फुग्यांचे ब्रॅकेट बदलणे खर्चिक असले तरी तेच योग्य.

सर्वांत दुर्लक्षित राहतो तो ब्रेक. काही पिकअप गाड्यांत मागच्या ब्रेकचा जोर नियंत्रित करणारा व्हॉल्व्हही चॅसिस-अ‍ॅक्सल अंतरावरून भार ओळखतो. फुग्यांनी उंची कायम राखली की त्याला भरलेली गाडीही रिकामीच वाटते, आणि मागची चाके हवी तितकी आवळली जात नाहीत. गाडी दिसायला सरळ, थांबायला मात्र उशीर. अशा गाडीत ब्रेकची जुळवणी उत्पादकाच्या सूचनेनुसार नव्याने झाल्याखेरीज फुगे बसवूच नयेत. दबलेली पाठ ही चालकाला जास्त मालाची सूचना असते, तीही इथे मिळत नाही. अ‍ॅक्सलची क्षमता तर तसूभरही वाढलेली नसते.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हाच अर्थ उचलून धरला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत बदलास प्रत्येकी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. कामाला लागण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारणे त्यामुळे स्वस्तात पडते.

जुळवणीनंतर गाडी रिकामी आणि भरलेली, दोन्ही वेळा मोजावी. रात्रभर उभी ठेवून सकाळी ती एका बाजूला कलली असेल, तर सळईला पुन्हा हात लावण्याआधी नळ्यांच्या सांध्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे.