सन 1006 चा तारा आणि 2009 चा सिनेमा

इशाची नमाज आटोपून घरी आलो तेव्हा लेक लॅपटॉपवर 'स्टार ट्रेक' पाहत बसली होती. 1966 साली टीव्हीवर सुरू झालेली ही मालिका जे. जे. अब्राम्सने 2009 मध्ये नव्या नटांना घेऊन पहिल्यापासून सुरू केली, तो सिनेमा. नया नगरमधल्या आमच्या घरात रात्री दहानंतर आवाज कमी ठेवायचा नियम आहे, म्हणून मीही कान देऊन शेजारी बसलो.

कथा अशी. एका ताऱ्याचा स्फोट होतो आणि सगळी आकाशगंगा धोक्यात येते. तो आवरायला 'रेड मॅटर' नावाच्या द्रव्याच्या थेंबातून कृष्णविवर तयार केलं जातं. दोन यानं त्यात ओढली जातात आणि भूतकाळात बाहेर पडतात. आत जाताना फरक काही सेकंदांचा, बाहेर येताना पंचवीस वर्षांचा!

"अब्बा, हे खरं होऊ शकतं?" तिने विचारलं.

कृष्णविवराचं आधी सांगतो. त्याच्या जवळ काळ मंदावतो हे खरं. जवळून फिरून परत येणारा माणूस भविष्यकाळात पोहोचेल, घरचे म्हातारे झालेले असतील. पण आत पडून काल-परवात निघणं, याला आधार नाही. तरी हे मी माफ करतो. त्या दारातून पटकथाकाराला मोठी सोय मिळाली. इतिहासाला नवा फाटा फुटला, जुन्या गोष्टी पुसल्या गेल्या नाहीत आणि ओळखीच्या पात्रांचं पुढे काय होणार हे कुणालाच माहीत उरलं नाही. गोष्टीसाठी एक थाप चालते.

आपल्याकडे याच विषयावरून मराठी विज्ञानकथेचं एक पान उघडलं. मराठी विज्ञान परिषदही 1966 चीच. तिच्या स्पर्धेला 1974 मध्ये 'नारायण विनायक जगताप' या नावाने एक कथा आली, 'कृष्णविवर'. पहिलं बक्षीस मिळाल्यावर कळलं की लेखक जयंत विष्णु नारळीकर आहेत. आद्याक्षरं उलटी करून त्यांनी हे नाव घेतलं होतं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा मंगलाताईंकडून लिहून घेतली होती. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवतांनी अध्यक्षपदावरून या नव्या लेखनाची दखल घेतली. विज्ञानकथेत कल्पना कितीही उडू दे, तिचे पाय विज्ञानावर हवेत, हा नारळीकरांचा आग्रह 2025 मध्ये ते जाईपर्यंत कायम होता.

मला माफ करवत नाही तो ताऱ्याचा स्फोट. आकाशगंगा सुमारे एक लाख प्रकाशवर्षं रुंद. असा स्फोट काही दशक प्रकाशवर्षांच्या आत झाला तरच शेजाऱ्यांना धोका, आणि त्याची झळसुद्धा प्रकाशापेक्षा वेगाने येणार नाही. पुढे 'पिकार्ड' मालिकेत हा स्फोट रोम्युलनांच्या स्वतःच्याच सूर्याचा ठरवला गेला. म्हणजे घरच्यांनाही ते खटकलं असावं.

आणि इथे आपल्याकडे प्रत्यक्ष साक्षीदार आहे. 1006 च्या एप्रिलअखेरीस सुमारे सात हजार प्रकाशवर्षांवरच्या ताऱ्याचा स्फोट दिसला. इजिप्तमध्ये अली इब्न रिदवान तेव्हा शिकत होता, वय अठराच्या आसपास. पुढे तो नामांकित हकीम झाला, आणि टॉलेमीच्या ग्रंथावरच्या टीकेत त्याने ते दृश्य नोंदवलं: शुक्राच्या अडीच ते तीन पट मोठा गोल, चंद्रप्रकाशाच्या पाव हिश्शाहून थोडा जास्त उजेड, वृश्चिकेचा पंधरावा अंश. त्या दिवशी सूर्य आणि ग्रह कुठे होते तेही त्याने लिहून ठेवलं. चिनी, जपानी आणि स्वित्झर्लंडमधल्या मठातल्या नोंदींशी ते ताडून पाहता आलं, आणि 1965 मध्ये रेडिओ दुर्बिणीने त्या स्फोटाचे अवशेष ओळखले गेले.

एका कार्यक्रमात मी हे सांगून वर ठोकून दिलं होतं की, सुपरनोव्हाचा शोध मुसलमानांनी लावला. टाळ्याही पडल्या. मागच्या रांगेतून एका मुलीने विचारलं, "तारा फुटलाय हे त्यांना माहीत होतं का, सर?" नव्हतं. ती टीका ज्योतिषाच्या ग्रंथावरची आहे. इब्न रिदवान त्या ताऱ्यात शकुन-अपशकुन बघत होता. मी खाली बसलो. टाळ्या देणाऱ्यांना माझी दुरुस्ती ऐकायची नव्हती, हेही तिथेच कळलं. पण त्याने मोजमापं लिहिली होती. म्हणून हजार वर्षांनी त्याचा उपयोग झाला, शकुनाचा नाही.

त्याच्याशी जन्मभराचं वैर घेतलेला बगदादचा ख्रिस्ती हकीम इब्न बुतलान. 1054 च्या ताऱ्याची नोंद याची, आणि त्याने त्या ताऱ्याचा संबंध थेट कॉन्स्टँटिनोपलच्या साथीशी जोडला! दोघांनी एकमेकांना पत्रांतून झोडपलं, आणि वाट्याला एकेक तारा आला.

आपल्याकडे काय? नारळीकर आणि सरोजा भाटे यांनी 1054 च्या ताऱ्यासाठी जुने भारतीय ग्रंथ धुंडाळले, ठोस काही हाती लागलं नाही. 1006 मध्ये उत्तर कोकणात शिलाहारांचं राज्य होतं, आणि त्याच्या नव्वद वर्षं आधी अल्-मसूदीने सैमूर, म्हणजे चौलला, दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात असं लिहून ठेवलं होतं. इतका तेजस्वी तारा त्यांच्या नजरेतून सुटला असेल असं मला वाटत नाही. पण लिहिलेलं काही सापडत नाही, तेव्हा मी तसं म्हणणार नाही.

रविवारी लेकीला घेऊन उत्तनच्या किनाऱ्यावर गेलो. मे महिना, मध्यरात्र जवळ आलेली. दक्षिणेला, क्षितिजापासून साधारण तीस अंश वर बोट दाखवलं. "इथे होता."

"आता तर काहीच नाही."

"दुर्बीण लागते."

ती बराच वेळ तिकडेच पाहत राहिली, मग म्हणाली, "पण अब्बा, सिनेमा चांगला होता."