गर्द हिरव्याची कुळकथा

आपल्या जुन्या वाड्यांत दारे-खिडक्या क्वचित हिरव्या आढळतात. भिंत मात्र चुन्याची, फार तर पेवडीची किंवा गेरूची. बैठकीची एखादी भिंत गर्द हिरवी करण्याची हौस आपल्याकडे अलीकडची, म्हणून तिला पूर्वेतिहास नाही असे मात्र नव्हे. तो पाहण्यासाठी वाड्यातून निघून लेण्यात शिरावे लागते.

अजिंठ्याच्या चित्रकारांनी हिरवा रंग दगडातून मिळविला. दख्खनच्या काळ्या पाषाणातील पोकळ्यांत लोहयुक्त अशी एक मऊ हिरवी माती सापडते; ती खलून त्यांनी भिंतीवर चढविली. शेजारी गेरूचा तांबडा, पेवडीचा पिवळा, काजळीचा काळा आणि मातकट पांढरा. निळा राजावर्त तेवढा परदेशातून आला. बाकी सारे सोबती भूमीतले. त्या भिंतींवर हिरवा व गेरू दीड हजार वर्षे शेजारी नांदत आहेत आणि एकाने दुसऱ्याला दडपलेले नाही.

आम्हा जबलपूरकरांना याच्या पडताळ्यासाठी अजिंठ्यापर्यंत जाण्याचेही कारण नाही. नर्मदेवरील लमेटाघाटाचे नाव ज्या खडकांना मिळाले, त्यांचा तळथर हिरव्या वालुकाश्माचा आहे. ते खडक शहरालगतच्या बडा शिमला टेकडीत दिसतात. १८२८ साली स्लीमनसाहेबांना प्रचंड सरीसृपांची हाडे सापडली ती याच टेकडीवर. ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्ध असलेला हा अधिकारी अस्थीही गोळा करीत होता, हे जाता जाता सांगावेसे वाटते. याच मुलुखात छुई नावाची पांढरी माती निघते. खेड्यांतून भिंती तिनेच पोततात. तिचा पांढरा किंचित मळकट, डोळ्यांना न खुपणारा असतो.

मग आपल्या पूर्वजांच्या भिंतीवर हिरवा का चढला नाही? हिरव्या मातीचा अंग झाकण्याचा गुण बेताचा. गर्दपणा तिला साधत नाही. चित्रकार हरताळात नीळ मिसळून हिरवा करीत, पण तो पोथीच्या पानापुरता. त्यातून हरताळ म्हणजे सोमलाचेच अपत्य. पुढे युरोपातून प्रशियन निळा आला. त्यात क्रोमचा पिवळा मिसळला की झकास गडद हिरवा होतो. परंतु चुन्याच्या क्षाराने त्यातील निळा नासतो व तपकिरी पडतो. चुन्याच्या भिंतीने तो नाकारला. म्हणून हा हिरवा तेलात कालवून लाकडावर गेला, आणि दारे हिरवी व भिंती पांढऱ्या ही वाटणी पक्की झाली.

युरोपाने या मोहाची किंमत निराळ्या प्रकारे मोजली. १७७५ साली शेले या स्वीडिश रसायनज्ञाने तांबे व सोमल यांपासून एक तेजस्वी हिरवा तयार केला. १८१४ पासून श्वाइनफुर्ट येथे त्याहून सुरेख हिरवा विक्रीस निघाला. तो भिंतींवरील कागदांत सर्रास वापरला गेला. आपल्याकडे सोमल हे विषाचेच नाव. तिकडे लोकांनी ते निजण्याच्या खोलीत डकविले! ओल्या भिंतीवरील बुरशी अशा रंगातून विषारी वायू सोडते, हे गोझिओ या इटालियन वैद्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाखविले. तोवर गिन्ये याने १८५९ साली क्रोमियमच्या निर्धोक हिरव्याचे पेटंट घेतले होते. त्याला चुन्याचाही उपद्रव होत नाही.

आज सोमल गेले, पण जुन्या क्वार्टरांच्या दारांवरील क्रोमच्या हिरव्यात शिसे असण्याचा संभव असतो. घरगुती रंगात दशलक्षात ९० भागांहून अधिक शिसे नसावे, हा नियम आपल्याकडे २०१६ चा, दारे त्याआधीची. बदलीच्या गावी सामान उतरताच हौसेने अशी दारे कोरडी घासावयास घेऊ नयेत; ती धूळ मुलांच्या पोटात जाते. पोपडे ओले करून काढावेत व मुलांना त्या दिवशी शेजारी पाठवावे.

निवडीपुरते माझे मत सांगतो. निळसर हिरवा दिव्याच्या उजेडात काळवंडतो; पेवडीकडे झुकणारा घ्यावा, आणि तो कमी प्रकाशाच्या खोलीत चारी भिंतींना देऊ नये. जोडीला बर्फासारखा पांढरा नको, छुईचा मळकट पांढरा हवा. खाली गेरूच्या रंगाची सतरंजी, सागवानी खुर्ची, कोपऱ्यात पितळेची समई. सरकारी क्वार्टरात भिंतीचा रंग खात्याचा असतो हे खरे, पण सतरंजीला खात्याची मंजुरी लागत नाही.