मनोरा : चोळमंडल किनाऱ्यावरील एका मराठी राजाचा सागरमहाल

तंजावरपासून दक्षिणेला सुमारे ६५ किलोमीटरवर, पट्टुकोट्टै गाव ओलांडून पुढे गेले की भाताची खाचरे हळूहळू विरळ होतात, नारळीच्या बागा दाट होतात आणि हवेत खारेपणा जाणवू लागतो. मल्लिपट्टणम या कोळ्यांच्या बंदराजवळ रस्ता समुद्राला भिडतो. येथील समुद्र कोकणच्या समुद्रासारखा गर्जणारा नाही. भारत आणि श्रीलंका यांच्यामध्ये पसरलेले पाल्कच्या सामुद्रधुनीचे हे पाणी उथळ आणि संथ आहे. त्या संथ पाण्याच्या काठी, माडांच्या शेंड्यांवरून डोके वर काढून, वर वर निमुळती होत गेलेली एक षट्कोनी, आठ मजली वास्तू उभी आहे. भोवती तट, तटाबाहेर खंदक आणि विटा-चुन्याच्या भिंतींवर दोनशे वर्षांच्या खाऱ्या वाऱ्याने उमटवलेल्या खुणा, असे तिचे आजचे रूप आहे.

तमिळ भाषक या स्थळाला ‘मनोरा’ म्हणतात. मराठी कुटुंबातील एखादे मूल हे नाव ऐकून थबकले तर नवल नाही, कारण शब्द त्याच्या ओळखीचा असतो. अरबी-फारसीच्या वाटेने मराठीत येऊन घरचा झालेला हा शब्द तमिळ किनाऱ्यावर एका ठिकाणाचे विशेषनाम होऊन बसला आहे. ज्या गावाच्या हद्दीत ही वास्तू येते त्याचे नावही विचार करायला लावणारे आहे : शरभेंद्रराजपट्टणम. शरभेंद्र हे तंजावरचे मराठी राजे दुसरे सरफोजी यांच्या नावाचे संस्कृत रूप. त्यांनीच ही वास्तू उभारली.

सतराव्या शतकाच्या आठव्या दशकात शहाजीराजांचे पुत्र आणि शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तंजावरला भोसल्यांची गादी स्थापन केली. कावेरीच्या सुपीक खोऱ्यातील हे राज्य श्रीमंत होते, आणि म्हणूनच सर्वांच्या डोळ्यांवर होते. १७५८ मध्ये फ्रेंच सेनापती लाली याने तंजावरला वेढा घातला. १७७३ मध्ये इंग्रजांच्या फौजेने अर्काटच्या नबाबासाठी तंजावर जिंकून घेतले आणि तीन वर्षांनी ते पुन्हा तुळजाजीराजांच्या स्वाधीन केले. १७८१ मध्ये हैदर अलीच्या स्वारीने हा मुलूख उद्ध्वस्त केला. एका पिढीच्या आत तीन सत्तांचे घाव या राज्याने सोसले.

सरफोजींचा जन्म १७७७ मधला. तुळजाजीराजांनी त्यांना दत्तक घेतले. १७८७ मध्ये तुळजाजी निवर्तले, तेव्हा सरफोजी अवघे दहा वर्षांचे होते. गादी तुळजाजींचे बंधू अमरसिंह यांच्याकडे गेली आणि या बालकाचे रक्षण व शिक्षण श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याने पाहिले. पुढे १७९८ मध्ये इंग्रजांनी सरफोजींचा हक्क मान्य करून त्यांना गादीवर बसवले. या मान्यतेची किंमत पुढच्याच वर्षी वसूल झाली. ऑक्टोबर १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजांकडे तंजावरचा किल्ला आणि त्याचा परिसर, वर्षाला एक लाख होनांची नेमणूक आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच उरले. गव्हर्नर जनरल रिचर्ड वेलस्ली याच्या कारकिर्दीतील हा तह. बाविसाव्या वर्षी हा तरुण राजा राज्याविना राजा झाला.

मनोऱ्याची कथा या तहापासून सुरू होते. वास्तूवर बसवलेल्या शिलालेखांचा आशय थोडक्यात असा : ब्रिटिश सरकारचे मित्र व दोस्त असलेल्या सरफोजी महाराजांनी ब्रिटिश शस्त्रांच्या विजयाचे आणि बोनापार्टच्या पतनाचे स्मारक म्हणून हा स्तंभ उभारला. हा मजकूर इंग्रजी, उर्दू, तमिळ, तेलुगू आणि मराठी अशा पाच भाषांत कोरलेला आहे. म्हणजे नेपोलियनच्या पराभवाचे एक स्मारक युरोपपासून हजारो कोस दूर, पाल्कच्या सामुद्रधुनीच्या काठी उभे आहे आणि त्याच्यावर मराठीही आहे.

हे स्मारक वॉटर्लूच्या लढाईचे, असे पुष्कळदा सांगितले जाते. पण शिलालेखावरचे साल १८१४ आहे आणि वॉटर्लूची लढाई झाली १८ जून १८१५ रोजी. इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने अशा ठिकाणी सांगोवांगीच्या कथेपेक्षा दगडाला अधिक मान द्यावा. ऑक्टोबर १८१३ मध्ये लाइपझिगच्या रणांगणावर नेपोलियनचा मोठा पराभव झाला. मार्च १८१४ च्या अखेरीस मित्रराष्ट्रांच्या फौजा पॅरिसमध्ये शिरल्या आणि एप्रिलमध्ये नेपोलियनने सिंहासन सोडले. त्याची रवानगी एल्बा बेटावर झाली. शिडाच्या जहाजातून केप ऑफ गुड होपला वळसा घालून ही बातमी मद्रासला पोहोचायला काही महिने लागले असणार. शिलालेखातील ‘पतन’ ते हेच, पहिले पतन. नेपोलियन एल्बाहून निसटून पुन्हा पॅरिसमध्ये अवतरेल आणि आणखी एक लढाई करावी लागेल, हे हा मजकूर लिहिणाऱ्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

मग प्रश्न उरतो तो हेतूचा. तंजावरच्या राजाला नेपोलियनशी काय कर्तव्य होते? याची दोन उत्तरे संभवतात आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिले सरळ आहे. ज्यांच्या मर्जीवर गादी, नेमणूक आणि राजवाड्यातील शेकडो आश्रितांचे पोट अवलंबून होते, त्यांना आपल्या निष्ठेची ग्वाही देणे राजांना भाग होते. टिपू सुलतानाने फ्रेंचांशी संधान बांधले होते आणि १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले, ही गोष्ट दक्षिणेतील प्रत्येक दरबाराच्या स्मरणात ताजी होती. फ्रेंचांचे कारैकल याच किनाऱ्यावर, उत्तरेला होते. अशा किनाऱ्यावर बोनापार्टच्या पराभवाचा स्तंभ उभारणे म्हणजे आपण कोणत्या बाजूला आहोत हे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गलबताला सांगणे.

हे उत्तर मराठी वाचकाला बोचते, आणि बोचायलाच हवे. कारण ज्या ब्रिटिश शस्त्रांचा येथे गौरव आहे, त्याच शस्त्रांनी २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या रणभूमीवर शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला होता. त्या दिवशी इंग्रजांचा सेनानी होता आर्थर वेलस्ली, तंजावरचा तह घडवणाऱ्या गव्हर्नर जनरलचा धाकटा भाऊ. हाच आर्थर वेलस्ली पुढे स्पेन-पोर्तुगालमध्ये नेपोलियनच्या सेनापतींशी लढला आणि ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. मनोरा उभा राहिला त्यानंतर चारच वर्षांनी, १८१८ मध्ये, पेशवाईही संपली. ज्या पाच भाषांनी हा विजय वाचून दाखवला, त्यांपैकी एका भाषेचे राज्य त्याच विजेत्यांनी बुडवले.

दुसरे उत्तर मिळण्यासाठी त्याच १८०३ सालच्या तंजावरात डोकवावे लागते. असईची लढाई झाली त्याच वर्षाच्या अखेरीस सरफोजींनी बृहदीश्वर मंदिराच्या आवारातील भिंतींवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. ‘भोसले वंश चरित्र’ या नावाने ओळखला जाणारा हा लेख मराठीतील सर्वांत मोठ्या शिलालेखांत गणला जातो. राज्य हातातून गेल्यावर चारच वर्षांनी राजाने आपल्या कुळाची कथा, चोळांनी बांधलेल्या मंदिराच्या दगडावर, आपल्या भाषेत लिहवून ठेवली. तरवार गेली, पण अक्षर आपल्या हाती आहे, याची जाणीव त्यामागे दिसते.

ही जाणीव सरफोजींच्या उर्वरित आयुष्यात सतत दिसत राहते. तंजावरात त्यांनी देवनागरी छापखाना काढला. तेथून १८०६ मध्ये इसापच्या गोष्टींचे मराठी रूपांतर ‘बालबोध मुक्तावली’ प्रसिद्ध झाले. मराठीतील आद्य मुद्रित पुस्तकांपैकी हे एक, आणि ते पुण्यामुंबईत न छापले जाता कावेरीकाठी, मुलांच्या वाचनासाठी छापले गेले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. राजवाड्यातील सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनी संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि मराठी हस्तलिखितांनी समृद्ध केले. रामेश्वराच्या वाटेवर आणि अन्यत्र असलेल्या राजघराण्याच्या छत्रांसाठी, म्हणजे अन्नछत्रांसह असलेल्या धर्मशाळांसाठी, ते कंपनीशी भांडले. १८०१ मध्ये रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात त्यांनी या छत्रांतून चालणारे अन्नदान, आजाऱ्यांची शुश्रूषा आणि विद्यार्थ्यांचे अध्यापन यांचे वर्णन करून ती अबाधित राहावीत अशी मागणी केली. राज्यकारभार सोडणारा राजा छत्रे सोडायला मात्र तयार नव्हता.

या सर्वांच्या संगतीत मनोरा ठेवला की त्याचा अर्थ थोडा बदलतो. शिलालेखाचा विषय इंग्रजांना हवा तसा आहे, पण त्याची भाषायोजना राजाची आहे. केवळ साहेबांना खूश करायचे असते तर एक इंग्रजी लेख पुरेसा होता. तमिळ ही प्रजेची भाषा, तेलुगू नायक राजांच्या काळापासून दरबारात व संगीतात रुळलेली, उर्दू नबाबी व्यवहाराची आणि मराठी घराची. दक्षिणेच्या या कोपऱ्यात शतकानुशतके एकमेकींशेजारी नांदणाऱ्या भाषांची पंगतच जणू त्या भिंतीवर बसली आहे. लाचारी आणि स्वत्व एकाच दगडावर कोरलेले असू शकते, हे मनोरा पाहिल्यावर पटते.

ही वास्तू केवळ स्मारकही नव्हती. राजे आपल्या कुटुंबकबिल्यासह येथे समुद्राच्या वाऱ्यावर येऊन राहत, असे परंपरा सांगते, आणि गलबतांना दीपस्तंभ म्हणूनही तिचा उपयोग झाल्याचे सांगतात. तट आणि खंदक यांमुळे लोक तिला किल्लाही म्हणतात. स्तंभ, दीपगृह, महाल आणि किल्ला अशी चार नावे एकाच वास्तूला मिळाली. तिच्यावर तोफांची लढाई कधी गाजली नाही. तिने झुंज दिली ती मीठ, वारा आणि विस्मृती यांच्याशी. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत तिची हानी झाली आणि नंतर डागडुजी करण्यात आली.

आज येथे येतात ती बहुधा आसपासच्या गावांतील कुटुंबे. आजीआजोबा माडांच्या सावलीत टेकतात, मुले खंदकाच्या कडेने धावतात, मोठी माणसे मजले मोजतात. समोरच्या उथळ पाण्यात सागरी गवताची कुरणे आहेत आणि त्यांवर चरणारा डुगाँग, म्हणजे समुद्रगाय, हा दुर्मीळ प्राणी तेथे आढळतो. त्याच्यासाठी २०२२ मध्ये तमिळनाडू शासनाने पाल्कच्या उपसागरात ४४८ चौरस किलोमीटरचे संरक्षित क्षेत्र घोषित केले. एखादे मराठी कुटुंब येथवर आले तर आईवडिलांना मुलांच्या एका प्रश्नाचे उत्तर तयार ठेवावे लागेल : हा विजय कोणाचा आणि पराभव कोणाचा? सोपे उत्तर देऊन हा प्रश्न मिटवू नये. मूल जेवढा वेळ त्या मराठी लेखासमोर उभे राहील, तेवढा वेळ त्याला राहू द्यावे.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. सरफोजी १८३२ मध्ये निवर्तले. त्यांचे पुत्र शिवाजीराजे १८५५ मध्ये पुरुष वारसाविना वारले आणि कंपनीने गादी खालसा केली. ज्या निष्ठेची ग्वाही म्हणून मनोरा उभारला होता, ती निष्ठा घराण्याच्या कामी आली नाही. जे कामी आले ते दुसरेच होते. सरस्वती महाल १९१८ मध्ये लोकांसाठी खुला झाला. तेथील मराठी पोथ्या आणि मोडी कागदांचे रुमाल आजही अभ्यासकांना बोलावतात. तंजावरी मराठी, तमिळचा हेल अंगी बाणवून, काही घरांतून अजून बोलली जाते.

महाराष्ट्राबाहेर मराठीतून शिकवणारी प्रत्येक शाळा, तिला ठाऊक असो वा नसो, या वाटेवरची आहे. राजाश्रय संपल्यावर परप्रांतात भाषा टिकते ती ग्रंथ, छापखाना, छत्र आणि शाळा यांच्या आधाराने. साठ वर्षे वर्गातल्या फळ्यावर रोज अक्षरे गिरवली जातात आणि रोज पुसली जातात, पण ती मुलांबरोबर घरी जातात. सरफोजींचा मनोरा पाहण्यास जरूर जावे. परतीच्या वाटेवर तंजावरला उतरून ‘भोसले वंश चरित्र’ कोरलेल्या भिंतींसमोरही थांबावे आणि मुलांना त्यातील काही ओळी मोठ्याने वाचायला सांगाव्यात.