तबेल्यातील खेळाची पट्टी

चर्चच्या पटांगणात मुले चेंडू खेळू लागली की "फादर, हे देवाच्या दारात शोभते का?" असे विचारणारे एखादे आजोबा प्रत्येक धर्मग्रामात भेटतातच. त्यांचा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेत नाही. मात्र त्यांच्यापुढे अमेरिकेतील एका जुन्या तबेल्याची हकिगत ठेवावी, असे फार दिवस मनात होते.

कनेक्टिकट राज्यातील वुडस्टॉक गावी हेन्री चँडलर बोवेन या रेशमाच्या व्यापाऱ्याने १८४६ साली उन्हाळ्यात राहण्यासाठी एक घर बांधले. गॉथिक धाटणीचे, टोकदार छपरांचे हे गुलाबी घर 'रोझलँड कॉटेज' या नावाने प्रसिद्ध आहे. त्याच्या तबेल्यात एक लांब, अरुंद लाकडी पट्टी आहे. पट्टीच्या एका टोकाला लाकडी खुंट उभे करायचे आणि दुसऱ्या टोकाकडून गोळा घरंगळत सोडून ते पाडायचे. आपल्या लगोरीचा हा दूरचा भाऊबंदच! छपराखालच्या अशा ज्या पट्ट्या अमेरिकेत शिल्लक आहेत, त्यांतील अतिशय जुन्या पट्ट्यांत हिची गणना होते.

या खेळाचे मूळ युरोपात आहे. इंग्रज त्याला स्किटल्स म्हणतात, तर जर्मन लोक केगेल. जर्मनीतील मठांत भाविक आपला सोटा उभा करून त्यालाच अधर्म मानीत आणि दगडाने तो पाडला की पाप गेले असे समजत, अशी एक कथा सांगतात. कथा गोड आहे, पण तिला त्या काळच्या कागदपत्रांचा आधार नाही. म्हणून आम्ही तिच्यावर भार टाकीत नाही. कायद्यांचा पुरावा मात्र पक्का आहे. इंग्लंडमध्ये १४७७ साली या जातीच्या खेळांवर बंदी आली. १५४१ च्या कायद्याने तर कामकरी आणि शिकाऊ लोकांना असे खेळ केवळ नाताळात, तेही धन्याच्या घरी, खेळण्याची मुभा ठेवली. प्रजेने खेळात वेळ दवडू नये, धनुष्यबाणाचा सराव करावा, ही राजाची इच्छा होती.

गंमत अशी, की संत थॉमस अक्वायनस यांनी खेळाची बाजू मांडताना धनुष्याचाच दाखला दिला आहे. संत योहान आपल्या शिष्यांबरोबर खेळत असल्याचे पाहून काही लोक नाराज झाले. तेव्हा संतांनी एका धनुर्धराला एकामागून एक बाण सोडावयास सांगितले आणि हे असेच अखंड चालू ठेवता येईल का, असे विचारले. "धनुष्य मोडेल," तो म्हणाला. मनाचेही तसेच, असे संतांचे उत्तर. सेमिनरीत हा भाग आम्ही परीक्षेपुरता वाचला होता. त्याची किंमत धर्मग्रामात आल्यावर कळली.

डच आणि जर्मन वसाहतवाल्यांबरोबर हा खेळ अमेरिकेत गेला आणि त्याच्या मागोमाग पैजा आणि दारूही गेली. १८४१ साली कनेक्टिकटने नऊ खुंटांच्या खेळाच्या जागांवर बंदी घातली. कायद्याला बगल देण्यासाठी लोकांनी दहावा खुंट उभा केला, असे सांगतात. पण दहा खुंटांचा खेळ त्याआधीही होता.

त्याच राज्यात अवघ्या पाच वर्षांनी बोवेन यांनी घर बांधले आणि तेथे खेळाची पट्टी आली, ही गोष्ट आम्हाला विचार करण्यासारखी वाटते. बोवेन हे ढिले गृहस्थ नव्हते. काँग्रिगेशनल पंथाचे ते कट्टर अनुयायी. ब्रुकलिनच्या प्लिमथ चर्चच्या स्थापनेत त्यांचा हात होता. १८४८ साली 'द इंडिपेंडंट' हे धार्मिक साप्ताहिक सुरू करणाऱ्यांत ते होते. गुलामगिरीला विरोध केल्यामुळे दक्षिणेकडील गिऱ्हाइकांचा रोष त्यांनी पत्करला. त्यांच्या घरात दारू नव्हती, तंबाखू नव्हती. खेळ मात्र होता. त्यांचा पंथ आमचा नव्हे, पण कायद्याचा रोख कशावर होता, हे त्यांनी बरोबर ओळखले होते, असे आम्हाला वाटते. खेळातली पैज आणि पेला काढून टाकला, की उरतो तो खेळच. मग तो मुलाबाळांसह घरी खेळण्यास हरकत कसली?

४ जुलै १८७० रोजी राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट वुडस्टॉकला बोवेन यांचे पाहुणे होते. त्यांनी पट्टीवर गोळा टाकला आणि एकाच फेकीत सारे खुंट लोळवले, असे सांगतात. त्या आनंदात त्यांनी सिगार पेटवू म्हटले, तेव्हा यजमानांनी त्यांना नम्रपणे बाहेर जावयास सांगितले!

बोवेन १८९६ साली वारले. घर पुढेही अनेक वर्षे कुटुंबाकडे होते. न्यू इंग्लंडमधील जुन्या वास्तू जतन करणाऱ्या संस्थेने १९७० साली ते बाग आणि तबेल्यासह ताब्यात घेतले. त्यामुळे गुलाबी घराबरोबर ती लाकडी पट्टीही आज पाहावयास मिळते.