खर्जाचा बंदिस्त इतिहास : नौदलाच्या कानापासून कर्जत लोकलपर्यंत

१/ भिसेगाव कर्जत स्थानकाला लागूनच आहे. घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून जादा इंजिने जोडली जातात, तेच हे स्थानक. येथून मुंबईला निघालेल्या प्रवाशापुढे सुमारे १०० किलोमीटरचे अंतर आणि दोन तासांचा काळ असतो. कानांवर हेडफोन चढतो, गाणे सुरू होते. पण ज्या खर्जासाठी ते गाणे लावले, तो खर्जच गाडीच्या घरघरीत विरून जातो. मग आवाज वाढवला जातो. या साध्या कृतीमागे शतकभराचा इतिहास आहे.

२/ खर्जाची ओढ महाराष्ट्राला नवी नाही. पखवाजाच्या डाव्या पुडीवर ओली कणीक थापतात. पुडीचे वजन वाढते, तिची कंपने मंदावतात आणि नाद भारदस्त होतो. खालचा स्वर मोकळ्या जागेत पोहोचवायचा तर पुष्कळ हवा हलवावी लागते. म्हणूनच मिरवणुकीतला ढोल मोठा असतो आणि मांडवातला स्पीकरही.

३/ मग हेडफोनमधली जेमतेम ४० मिलिमीटरची चकती हे काम कसे करते? तिला मैदान भरायचे नसते. चकती आणि कानाचा पडदा यांच्यामधली चिमूटभर हवा हलवली की पुरते. अट एकच : ती हवा बाहेर निसटता कामा नये. पुढचा सारा इतिहास या एका अटीभोवती फिरतो.

४/ १९१० च्या सुमारास अमेरिकेतील युटा येथील नॅथॅनियल बाल्डविन याने आपल्या स्वयंपाकघरात हेडफोन तयार केला आणि तो अमेरिकी नौदलाने विकत घेतला. बिनतारी यंत्रावर बसलेल्या माणसाला क्षीण संदेश ऐकू यावेत, एवढाच त्याचा हेतू. हेडफोन आला तो असा, कामाचे साधन म्हणून. संगीत त्याच्या वाट्याला पुढे आले.

५/ १९५८ मध्ये मिलवॉकीच्या जॉन कॉस याने घरी स्टीरिओ संगीत ऐकण्यासाठी हेडफोन आणला. खरे तर त्याला एक सुटसुटीत फोनोग्राफ विकायचा होता आणि हेडफोन त्याच्या जोडीला होता. लोकांना भुरळ पडली ती हेडफोनची! चारचौघांत बसूनही एकट्याने ऐकता येते, ही कल्पनाच नवी होती.

६/ पुढे वारे फिरले. १९६८ मध्ये जर्मनीच्या सेनहायझरने एचडी ४१४ हा पाठीमागून उघडा हेडफोन आणला. तो हलका होता आणि त्याचा आवाज मोकळा वाटे. १९७९ च्या सोनी वॉकमनसोबत आलेला हेडफोनही हलका, फोमच्या पातळ गाद्यांचा आणि उघडाच होता. संगीत रस्त्यावर आले. खर्ज मात्र वाटेत सांडू लागला.

७/ तो का सांडतो? चकती पुढे सरकते तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. या दोन लहरी परस्परविरुद्ध असतात. त्या एकत्र आल्या की एकमेकींना मारतात, आणि सर्वांत मोठा फटका खालच्या स्वरांना बसतो. बंद पाठीची वाटी मागची लहर कोंडून ठेवते. कानाभोवती घट्ट बसलेली गादी पुढची हवा राखते.

८/ म्हणून ध्वनिमुद्रण कक्षांनी बंद हेडफोन सोडला नाही. गायकाच्या कानातली साथ मायक्रोफोनमध्ये शिरू नये, ही तिथली गरज. सोनीचा एमडीआर-व्ही६ १९८५ चा आणि सेनहायझरचा एचडी २५ १९८८ चा. दोन्ही बंद पाठीचे. डीजेंनाही हेच हवे होते. समोर स्पीकर दणाणत असताना पुढचे गाणे एका कानाने जुळवायचे, तर तो कान बंदच हवा.

९/ महाराष्ट्रात खर्ज सार्वजनिकच राहिला. त्याला नाव मिळाले ‘डॉल्बी’. गंमत अशी, की रे डॉल्बी याने १९६५ मध्ये लंडनला कंपनी काढली ती टेपवरची खरखर कमी करण्यासाठी. गोंगाट घटवणाऱ्याचे नाव मराठीत छाती हादरवणाऱ्या स्पीकरच्या भिंतीला चिकटले!

१०/ या भिंतीला कायद्याची वेस पडली. ध्वनिप्रदूषण नियम २००० मध्ये आले आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेतील ध्वनिवर्धकांवर निर्बंध लागले. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे निर्बंध उचलून धरले. गोव्यात पाळोळे येथे त्यावर तोड निघाली : स्पीकर बंद, प्रत्येकाच्या कानावर बिनतारी हेडफोन आणि नाच सुरू. सार्वजनिक खर्ज असा खासगी झाला.

११/ परंतु कान फसवतो. बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले, की हळू आवाजात माणसाला खालचे स्वर फारच कमी ऐकू येतात. गाडीची घरघरही त्याच पट्ट्यातली असते. बंद वाटी बाहेरची बडबड आणि कर्कशपणा चांगला अडवते. घरघर मात्र बरीचशी आत येतेच. म्हणून हात आवाज वाढवण्याकडे जातो.

१२/ १९७८ मध्ये विमानप्रवासात अमर बोस यांना हीच अडचण जाणवली आणि उलट लहर सोडून घरघर पुसण्याच्या कल्पनेवर त्यांनी काम सुरू केले. हे ‘नॉइज कॅन्सलिंग’ नेमके खालच्या आवाजांवरच सर्वांत प्रभावी ठरते. लोकलच्या प्रवाशाने बजेटमध्ये एकच सोय निवडायची असेल, तर ‘एक्स्ट्रा बेस’च्या छापापेक्षा ही अधिक उपयोगी.

१३/ महाग तेच चांगले का? २०१७ मध्ये यरून ब्रेबार्ट याने २८३ हेडफोनांची मोजमापे तपासली. खालच्या-वरच्या स्वरांचा तोल आणि किंमत यांत त्याला काहीही संबंध आढळला नाही. मजबुती, आराम, वॉरंटी यांचे पैसे पडतात. पण चांगला खर्ज ही श्रीमंतांची मिरास नव्हे.

१४/ तेव्हा दुकानात पाहायचे ते इतिहासाने शिकवलेलेच. खर्ज भरपूर असलेले ओळखीचे गाणे लावावे आणि दोन्ही वाट्या तळहातांनी हलकेच दाबाव्यात. दाबताच खर्ज एकदम वाढला, तर हवा निसटते आहे. तो हेडफोन त्या डोक्यासाठी नाही. चष्मा वापरणाऱ्याने चष्म्यासकटच ही परीक्षा घ्यावी, कारण काडीपाशी फट राहते. चकतीच्या व्यासाची जाहिरात यानंतर वाचावी.

१५/ दुसरे, ओहम. थेट फोनला जोडायचा असेल तर ३२ ओहमच्या आसपासचा बरा. २५० ओहमचे स्टुडिओ हेडफोन बहुधा वेगळा अ‍ॅम्प्लिफायर मागतात. तिसरे, गाद्या. कोकणच्या दमट हवेत आणि घामात रेक्झिनचे पापुद्रे सुटतात, आणि गादी फाटली की खर्जही गेला. बदलता येणाऱ्या गाद्या मिळतात का, हे आधीच विचारावे.

१६/ आता खरा हिशेब. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी आठवड्याला ८० डेसिबल ४० तास ऐकणे सुरक्षित. ९० डेसिबल असेल तर फक्त ४ तास. कर्जतहून मुंबईला जाऊन परत येण्यात तेवढेच तास जातात! म्हणजे घरघरीवर मात करण्यासाठी ९० पर्यंत गेलेला कान सोमवारी रात्रीच आठवड्याचा वाटा संपवून बसतो. गमावलेली श्रवणशक्ती पुन्हा विकत मिळत नाही.

१७/ बंद हेडफोनचा इतिहास सांगतो तो हाच : चांगला खर्ज आवाज चढवून नव्हे, हवा राखून मिळतो. ज्याची गादी नीट बसते, त्याला कमी आवाजही पुरतो. आणि डीजेंची एक सवय फलाटावरही उपयोगाची आहे. गाडीतून उतरताना, रूळांच्या आसपास वावरताना, एक कान जगासाठी मोकळा ठेवावा.

(समाप्त)