बर्फावरचा नांगर
लहान मुलांना घेऊन स्कीइंगला कुठे जावे? जाणकार सांगतात, आधी तिथली स्की-शाळा पाहा. शिखराची उंची नंतर. अशा शाळेची घडी बसवली ती मुख्यतः हान्नेस श्नायडर या ऑस्ट्रियन शिक्षकाने. १९०७ पासून सांक्ट आंटोन येथे शिकवताना त्याने नवशिके आणि सराईत यांचे वर्ग वेगळे केले. पहिला धडा वेगाचा नव्हे, तर वेग आवरण्याचा : स्कींची पुढची टोके जवळ आणायची, मागची फाकवायची, नांगराच्या फाळासारखी. चिमुरडी आजही बहुधा इथूनच सुरुवात करतात.

मार्च १९३८ मध्ये ऑस्ट्रिया गिळंकृत करताच नाझींनी या विरोधकाला अटक केली. हार्वे गिब्सन या अमेरिकन बँकरच्या खटपटीने १९३९ मध्ये तो न्यू हॅम्पशायरमधील नॉर्थ कॉनवेला पोहोचला. (गिब्सन मूळचा तिथलाच, गावाचा फायदाही त्याने पाहिला असणारच!) तिथल्या क्रॅनमोर डोंगरावर श्नायडर पुन्हा नवशिक्यांना शिकवू लागला.